तारीख नसलेली परीक्षा

पुण्यातल्या पेरुगेटाकडून नव्या पेठेकडे आणि तेथून शास्त्री रस्त्याला मिळणाऱ्या गल्ल्यांतून पहाटे पावणेसहाच्या सुमारास, दुधाच्या गाड्या आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे यांच्या बरोबरीनेच, पाठीवर बॅग आणि हातात पाण्याची बाटली घेतलेली विशी-तिशीतली शेकडो मुलेमुली चालताना दिसतात. कोणी हिंगोलीकडून आलेला, कोणी करमाळ्याहून, तर कोणी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एखाद्या आडगावाहून. त्यांची पावले ज्या जिन्यांकडे वळतात त्यांच्या तोंडाशी ‘अभ्यासिका’ अशी पाटी असते, आणि तिच्याखाली बहुधा आणखी एक ओळ असते : ‘चोवीस तास खुली’.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘ताण आणि शरीर’ हा विषय सुचविला तेव्हा रुग्णालय, कारखाना, सीमेवरची चौकी अशी अनेक स्थळे मनात येऊन गेली. परंतु निरोगी, तरुण आणि जिवाला कोणताही प्रत्यक्ष धोका नसलेल्या माणसाच्या देहात ताण कोणती उलथापालथ घडवितो हे पाहावयाचे असेल, तर स्पर्धा परीक्षांच्या या पेठांइतके योग्य ठिकाण दुसरे नाही असे मला वाटले. आणि तेथे जाऊन-येऊन, त्या मुलांबरोबर मेसमध्ये जेवून आणि अमृततुल्यात बसून ते मत अधिकच दृढ झाले.

रबराच्या टोप्या

मी ज्या अभ्यासिकेत बसत असे ती एका जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. एका लांबट दालनात प्लायवुडच्या पडद्यांनी पाडलेले कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक नळी-दिवा, एक खुर्ची, एक कुलूपबंद खण, आणि समोरच्या पडद्यावर चिकटवलेले कागद : महाराष्ट्राचा नद्यांचा नकाशा, घटनेच्या अनुच्छेदांची यादी, मागील वर्षांचे ‘कट-ऑफ’. खुर्च्यांच्या चारही पायांना रबराच्या टोप्या घातलेल्या आहेत, कारण खुर्ची सरकल्याचा आवाज येथे सर्वांत मोठा गुन्हा समजला जातो. त्या टोप्या झिजल्या की चालक स्वतः खाली बसून बदलतात. हे चालक बार्शीकडचे. परीक्षेसाठीच पुण्यास आले, मुलाखतीपर्यंत पोहोचूनही अंतिम यादीत नाव लागले नाही, वयोमर्यादा उलटली, आणि मग ज्या दालनात अभ्यास केला तेच भाड्याने घेऊन त्यांनी आपला संसार उभा केला. कोणता मुलगा केव्हा ‘ढासळणार’ हे त्यांना हजेरीच्या वहीवरून समजते. पहाटे येणारा दुपारी येऊ लागला, किंवा रात्री अकराला जाणारा पहाटे तीनपर्यंत बसू लागला, की ते त्याला चहाला खाली घेऊन जातात.

त्यांनीच माझी गाठ परभणी जिल्ह्यातल्या एका मुलीशी घालून दिली. शेतकी पदवीधर, पुण्यातले तिचे हे चौथे वर्ष. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर तिने परीक्षेच्या तारखा लिहून ठेवलेल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेकांवर लाल शाईने काट मारलेली होती; प्रत्येक काटेपुढे ‘पुढे ढकलली’ एवढेच दोन शब्द. छातीत जळजळ, केस गळणे, पाळीची अनियमितता, रात्री साडेतीनला खाडकन उघडणारे डोळे, ही सारी लक्षणे तिने हिशेबाच्या नोंदी वाचाव्यात तशी सांगितली. तिचा स्वर हलला तो एकाच ठिकाणी.

“सर, वाचलेलं सगळं डोक्यात असतं हो. पेपरात प्रश्न पाहिला की आठवतं, हे डाव्या पानावर खालच्या कोपऱ्यात होतं, त्याच्याखाली मी हिरवी रेघ मारली होती. पान दिसतं, रेघ दिसते, उत्तर तेवढं दिसत नाही. बाहेर आलं की गेटाशीच आठवतं.”

हे काय होते, याचा उलगडा मागण्यासाठी मी शरीरक्रियाशास्त्र शिकविणाऱ्या एका प्राध्यापिकांकडे गेलो.

बाकावरचे खेळाडू

त्यांनी प्रथम सांगितली ती हार्वर्ड विद्यापीठातल्या वॉल्टर कॅनन यांची गोष्ट. क्ष-किरण नुकतेच उपलब्ध झाले होते, आणि मांजराला बिस्मथयुक्त अन्न देऊन त्याच्या जठराची हालचाल पडद्यावर पाहण्याचा उद्योग हे तरुण संशोधक करीत होते. मांजर बिथरले की जठराची लयबद्ध हालचाल तत्क्षणी थांबते आणि ते शांत झाले की पुन्हा सुरू होते, ही साधी गोष्ट त्यांच्या नजरेस पडली, आणि पुढे भय व क्रोध यांनी देहात काय घडते हा त्यांच्या आयुष्याचाच विषय झाला. संकट समोर उभे राहताच मेंदूच्या आतल्या भागातील अमिग्डला नावाचा बदामाएवढा पुंजका इशारा देतो, हायपोथॅलॅमस तो उचलतो, आणि मज्जातंतूंच्या वाटेने मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यापर्यंत तो काही क्षणांतच पोहोचून रक्तात अ‍ॅड्रिनॅलिन उतरते. हृदय जोराने धावते, यकृत साखर मोकळी करते, पोटाकडचे रक्त स्नायूंकडे वळते, बाहुल्या विस्फारतात, तळहातांना घाम सुटतो. लढावे किंवा पळावे, यांपैकी एक काहीतरी करण्यासाठी केलेली ही सारी सिद्धता.

त्यानंतर प्राध्यापिकाबाईंनी जे सांगितले ते ऐकून मी लिहिणे थांबवून त्यांच्याकडे पाहत राहिलो. १९१३ सालच्या मोसमातला अखेरचा, अत्यंत चुरशीचा फुटबॉल सामना संपताच कॅनन आणि त्यांचे सहकारी फिस्के यांनी हार्वर्डच्या संघातल्या २५ खेळाडूंची लघवी तपासली, तेव्हा १२ जणांच्या लघवीत साखर सापडली. आणि त्या बारांपैकी पाच जण असे होते की जे मैदानात उतरलेच नव्हते. बदली खेळाडू म्हणून बाकावर बसून, आपल्याला बोलावणे येईल की नाही याची ते केवळ वाट पाहत होते. त्याच सुमारास नऊ वैद्यकीय विद्यार्थ्यांची अशीच तपासणी झाली. अवघड परीक्षेनंतर चौघांच्या लघवीत साखर आढळली, सोप्या परीक्षेनंतर एकाच्याच.

बाकावर बसलेल्या त्या पाचांना पळावयाचे नव्हते की लढावयाचे नव्हते, तरी त्यांच्या यकृताने साखर मोकळी केली होती. पेठेतल्या मुलांची स्थिती मला तंतोतंत तीच दिसते. देहाने मोठ्या उदारपणे साऱ्या गोदामांची दारे उघडावीत, आणि समोर कार्य काय, तर खुर्ची न सरकवता बसून राहणे.

हुकूम आणि मनाई-हुकूम

अ‍ॅड्रिनॅलिनची धावपळ थोड्या वेळात ओसरते. ताणाची दुसरी वाट संथ आहे आणि परीक्षार्थीच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची. हायपोथॅलॅमसमधून एक रासायनिक निरोप खालच्या पीयूषिका ग्रंथीकडे जातो, ती दुसरा निरोप रक्तात सोडते, आणि तो अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्य आवरणाला मिळाला की तेथून कॉर्टिसॉल हे संप्रेरक पाझरू लागते. जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतून हुकूम निघावा, तो तहसीलदारांकडे यावा, तेथून तलाठ्यापर्यंत जावा आणि मग कोठे शिवारात हालचाल दिसावी, तसा हा कारभार. म्हणूनच त्याचा परिणाम शिगेला पोहोचण्यास वीस-तीस मिनिटे लागतात. एरवी हे कॉर्टिसॉल काही वैरी नव्हे. पहाटे त्याची पातळी चढते, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ती दिवसातल्या उच्चांकावर असते, मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते. अंथरुणातून उठून दिवसाच्या कामाला लागण्याचे बळ त्यानेच येते. रक्तातले कॉर्टिसॉल पुरेसे वाढले की मेंदूच त्याची दखल घेऊन वरूनच मनाई-हुकूम काढतो आणि पाझर थांबतो. धोका आला, देह उठला, धोका गेला, देह बसला, अशी ही व्यवस्था आहे आणि ती फार सुंदर आहे.

ती बिघडते ती धोका ‘गेला’ असे कोणीच सांगत नाही तेव्हा. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले हान्स सेल्ये हे एका नव्या संप्रेरकाच्या शोधात उंदरांना अर्क टोचीत होते. त्या उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी सुजल्या, प्रतिकारशक्तीशी संबंध असलेली छातीतली थायमस ग्रंथी आक्रसली, जठरात व्रण पडले. अर्क कोणताही टोचला, थंडीत ठेवले, अतिश्रम करविले, तरी तेच तीन बदल. १९३६ साली त्यांनी हे निरीक्षण ‘नेचर’ नियतकालिकात एका लहानशा पत्राच्या रूपाने प्रसिद्ध केले. पुढे एवढे मात्र सिद्ध झाले की जठरव्रणाचे मोठे कारण एक जिवाणू आहे. तो दाखवून देणाऱ्या मार्शल व वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळाले. तथापि ताणाने जठर आणि आतडी यांची लय बिघडते याबद्दल दुमत नाही, आणि पेठेतल्या औषधाच्या दुकानांत पित्तशामक गोळ्यांची पाकिटे गल्ल्याच्या अगदी हाताशी का ठेवलेली असतात हे समजण्यास तेवढे पुरे.

डावे पान, हिरवी रेघ

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅक्युअन यांनी १९६८ साली असे दाखविले की उंदरांतले कॉर्टिसॉलसारखे संप्रेरक मेंदूत शिरून नेमके हिप्पोकॅम्पस या भागात जाऊन चिकटते. हिप्पोकॅम्पस म्हणजे नव्या आठवणी रुजविण्याचे आणि जुन्या हुडकून देण्याचे ठाणे. ताणाचे संप्रेरक तेथे जाऊन काय करते? १९९८ साली डोमिनिक द क्वेर्वां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना पाण्याच्या हौदात बुडालेला चौथरा शोधावयास शिकविले. दुसऱ्या दिवशी त्यांना पायाला विजेचा सौम्य धक्का देऊन पुन्हा हौदात सोडले. धक्क्यानंतर दोनच मिनिटांनी सोडले तर उंदीर चौथरा बरोबर शोधत, चार तासांनी सोडले तरी शोधत. अर्ध्या तासाने सोडलेले उंदीर मात्र घुटमळत. आठवण पुसली गेली नव्हती. ती बाहेर काढण्याचा मार्ग तेवढ्या वेळापुरता बंद झाला होता, आणि तो वेळ संप्रेरकाच्या भरतीचा होता.

परीक्षा केंद्राच्या फाटकाशी ओळखपत्र आणि प्रवेशपत्र तपासून घेताना छातीत जी धडधड सुरू होते, तिला प्रश्नपत्रिका हाती पडेपर्यंत साधारण तेवढाच अवधी मिळतो. राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरात दोन तासांत १०० प्रश्न, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापण्याची धास्ती. हिरवी रेघ दिसावी आणि उत्तर दिसू नये, ते गेटाबाहेर येताच आठवावे, यात त्या मुलीच्या बुद्धीचा वा परिश्रमाचा लवलेशही दोष नाही, हे मी तिला सांगितले. ती काही बोलली नाही, पण तिने ते वहीत लिहून घेतले.

याच्या जोडीला कपाळामागचा मेंदूचा भाग, जो पर्याय तोलतो, मोह आवरतो, एका विचारावरून दुसऱ्यावर लक्ष नेतो, तोही तीव्र ताणात मागे सरतो. येल विद्यापीठाच्या एमी आर्नस्टन यांनी हे वर्षानुवर्षे अभ्यासिले आहे. मुलाखतीचा प्रकार तर याहून कठीण. जर्मनीतल्या ट्रिअर येथे १९९३ साली संशोधकांनी ताण निर्माण करण्याची जी पद्धत बसविली, तीत चेहऱ्यावर कोणताही भाव न दाखविणाऱ्या परीक्षकांपुढे उभे राहून नोकरीच्या उमेदवाराप्रमाणे भाषण करावयाचे आणि मग १०२२ मधून १३-१३ वजा करीत जावयाचे असते. प्रयोगशाळेत मुद्दाम घडवून आणलेली ही कसोटी आपली मुले खऱ्या नोकरीसाठी देतात.

बेंगळुरूमधले दहा दिवस

क्षणिक ताणाचे हे झाले. महिनोन्महिने चालणाऱ्या ताणाने मेंदूची रचनाच कशी बदलते, याविषयीचे एक महत्त्वाचे संशोधन आपल्याच देशात झाले आहे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चॅटर्जी यांच्या चमूने उंदरांना रोज दोन तास याप्रमाणे दहा दिवस हालचाल करता येणार नाही असे जखडून ठेवले. हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींच्या फांद्या आखडल्या, हे अपेक्षित होते. परंतु भयाचे ठाणे असलेल्या अमिग्डलामधल्या पेशींच्या फांद्या उलट वाढल्या, अधिक पसरल्या. हे २००२ साली प्रसिद्ध झाले. दोनच वर्षांनी त्याच प्रयोगशाळेने दाखविले की उंदरांना मोकळे सोडून एकवीस दिवस लोटल्यावर हिप्पोकॅम्पसच्या फांद्या पूर्ववत झाल्या, अमिग्डलाच्या मात्र तशाच पसरलेल्या राहिल्या. विसरलेले परत येते; घाबरणे शिकलेला भाग इतक्या सहज माघार घेत नाही. उंदराचा मेंदू माणसाचा नव्हे हे खरेच. तरीही रात्री साडेतीनला उघडणारे डोळे निकाल लागून गेल्यानंतरही कित्येक महिने उघडतच राहतात, असे नोकरीला लागलेल्या ज्या ज्या माजी परीक्षार्थींशी मी बोललो त्यांतल्या अनेकांनी सांगितले.

घंटा ऐकलेला उंदीर

येथवर मी कष्टांविषयी एक अक्षरही लिहिले नाही, आणि ते जाणूनबुजून. पेठेत कोणीही अभ्यासाच्या कष्टांविरुद्ध तक्रार करीत नाही. ज्यांनी उन्हात कापूस वेचला आहे त्यांना बारा तास खुर्चीत बसण्याचे काय मोठेसे! त्यांची तक्रार तारखेविषयी आहे, आणि शरीरशास्त्र त्यांच्या बाजूचे आहे.

रॉकफेलर विद्यापीठातच १९७० च्या सुमारास जे वाइस यांनी उंदरांना सारख्याच तीव्रतेचे, सारख्याच संख्येचे विजेचे धक्के दिले. भेद एवढाच की एका उंदराला प्रत्येक धक्क्याच्या आधी इशाऱ्याचा ध्वनी ऐकू येई, दुसऱ्याला तो ध्वनी केव्हाही, धक्क्याशी संबंध नसताना ऐकू येई. ज्याला आधी सूचना मिळत होती त्याच्या जठरातले व्रण फारच कमी निघाले. वेदना तितकीच, परंतु ध्वनी नसेल तेवढा वेळ तो निर्धास्त राहू शकत होता. २०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ४५ स्वयंसेवकांना पडद्यावरच्या दगडाखाली साप आहे की नाही हे ओळखावयास सांगितले. साप निघाला की हाताला वेदनादायक धक्का. घामावरून आणि बाहुल्यांवरून मोजलेला ताण सर्वाधिक केव्हा होता? धक्का नक्की बसणार असे ठाऊक असताना नव्हे, तर शक्यता अर्धी-अर्धी असताना.

राज्यसेवेची जी पूर्व परीक्षा ५ एप्रिल २०२० रोजी व्हावयाची होती, ती करोनामुळे तहकूब होत होत १४ मार्च २०२१ वर आली, आणि त्या तारखेला तीनच दिवस उरले असता पुन्हा लांबणीवर पडल्याचे जाहीर झाले, तेव्हा शास्त्री रस्त्यावर मुले उतरली. अखेर ती २१ मार्चला झाली. साथीचे संकट खरे होते, हे कोण नाकारील? परंतु जो विद्यार्थी वर्षभर ‘आता दोन महिने उरले’ या हिशेबाने देह ताणीत होता, त्याच्या अधिवृक्क ग्रंथींना साथीचे कारण समजत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रकार उलटा होता. २५ ऑगस्टला राज्यसेवेची पूर्व आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी आल्या, म्हणून परीक्षा पुढे न्यावी यासाठीच मुलांना रात्री रस्त्यावर काढाव्या लागल्या, आणि ती १ डिसेंबरला झाली. लांबल्याचा ताप आणि न लांबल्याचाही ताप, हे दोन्ही टळावयाचे तर वेळापत्रक असे हवे की जे जाहीर झाले म्हणजे झाले. याची गणना आपण प्रशासकीय सोयीत करतो. मी ती सार्वजनिक आरोग्यात करीन. वाइस यांच्या उंदराला जो इशाऱ्याचा ध्वनी मिळाला तो देण्याला पैसा लागत नाही.

दवाखान्यातली संध्याकाळ

पेठेतल्या एका डॉक्टरांचा दवाखाना संध्याकाळी सहाला उघडतो आणि साडेसहाला बाहेरच्या बाकांवर जागा उरत नाही. रोगी बहुतेक पंचविशीतले. एक मुलगा तोंडातल्या फोडासाठी तिसऱ्यांदा आला होता. तो भरतच नव्हता. डॉक्टरांनी त्याचा रक्तदाब पाहिला, झोपेची चौकशी केली, मग विचारले, “पेपर कधी आहे रे?”

“पंधरा दिवसांनी, डॉक्टर. झाला तर.”

“मग भरेल पेपर झाल्यावर.”

मुलगा हसला, परंतु डॉक्टर थट्टा करीत नव्हते. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात १९९८ साली ११ दंतवैद्यकीय विद्यार्थ्यांच्या टाळूवर मुद्दाम साडेतीन मिलिमीटरची बारीक जखम करण्यात आली, एकदा उन्हाळ्याच्या सुटीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या दिवसांत ती जखम भरण्यास ४० टक्के अधिक वेळ लागला, आणि अकरांपैकी एकाचीही जखम सुटीतल्याइतक्या लवकर भरली नाही. कॉर्टिसॉल प्रतिकारशक्तीला आवर घालते. दीर्घकाळ आवर घातला तर डागडुजीची कामे मागे पडतात. मला तो तोंडातला फोड या सर्व प्रकरणातला सर्वांत प्रामाणिक साक्षीदार वाटला.

डॉक्टर त्याला दोन गोष्टी सांगतात : रात्री बारानंतर वाचू नकोस, आणि रोज वीस मिनिटे झेड-ब्रिजवरून पलीकडे जाऊन परत ये. पहिली ऐकणारे थोडे. मध्यरात्री ज्या वेळी कॉर्टिसॉल तळाला असावयाचे त्याच वेळी प्रकाश, चहा आणि धास्ती यांनी देह जागता ठेवला, की दिवसा वाचलेले पक्के करणारी गाढ झोपच हातची जाते. श्वास सावकाश सोडण्याचाही डॉक्टरांचा आग्रह असतो, आणि त्याला आधार आहे. उच्छ्वास लांबविला की प्राणेशा (व्हेगस) चेतेच्या प्रभावाने हृदयाचे ठोके मंदावतात. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची यंत्रांनी मोजमापे घेण्यास आरंभ केला, तेव्हापासून महाराष्ट्राला हा विषय परका नाही.

जागा राखून

कॉर्नेल विद्यापीठात २० वैद्यकीय विद्यार्थ्यांना महिनाभराच्या परीक्षेच्या तयारीनंतर तपासले असता, लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडे वळविण्याची त्यांची क्षमता उणावलेली आणि कपाळामागच्या मेंदूची इतर भागांशी जुळणी विस्कटलेली आढळली. आणि परीक्षा संपून एक महिना मोकळा गेल्यावर त्याच मुलांमध्ये दोन्ही पूर्ववत झाली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातला तो एक महिना मला फार मोलाचा वाटतो. तरुण मेंदू सावरतो. त्याला मुदत मात्र द्यावी लागते.

हे सारे मी अभ्यासिकेच्या चालकांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “साहेब, पोरं गावी जात नाहीत त्याचं कारण वेगळंच असतं. गेलं की जागा जाते. खिडकीजवळची जागा मिळायला वर्ष लागतं यांना.” त्या आठवड्यात त्यांनी दारावर कागद लावला : दिवाळीला गावी जाणाऱ्यांची जागा महिनाभर राखून ठेवली जाईल, त्या महिन्याचे शुल्क घेतले जाणार नाही, खणाची किल्ली कार्यालयात जमा करावी. पहिल्या दिवशी चार किल्ल्या जमा झाल्या. परभणीची मुलगी दोन दिवस त्या कागदापुढून ये-जा करीत राहिली. तिच्या आईचा फोन आला की सोयाबीन काढून झाले आहे, कापूस वेचायला माणसे मिळत नाहीत, आलीस तर बरे. तिने विचारले, पुस्तके नेली तर चालतील का? “दोनच ने,” चालक म्हणाले, “आणि टेस्ट सिरीजचे पैसे भरले असतील तर मी त्यांच्याशी बोलतो, तुझे पेपर पुढच्या तुकडीत घेतील.” तिने राज्यघटनेचे पुस्तक पिशवीत घातले, भूगोलाचे काढून पुन्हा खणात ठेवले, आणि रात्रीच्या परभणी गाडीची चौकशी करण्यासाठी स्थानकावर न जाता ती फोनवरच तिकीट काढू लागली.